बेक्सलीहीथचं ‘रेड हाउस’ : उत्तरेकडे तोंड केलेला बंगला

थेम्सकाठी (धागाकर्ती)

लंडनच्या आग्नेयेला बेक्सलीहीथ नावाचं उपनगर आहे. अगदी सपक. दोन-दोन घरं एकमेकांना चिकटलेली, पुढे हातभर बाग, गाडी लावायला फरशी. आमच्याकडून बसने पंचवीस मिनिटं. पाच वर्षं त्या रस्त्याने जात-येत होते, पण उंच विटांच्या भिंतीमागे काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात भाची आली होती, ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनेच ओढत नेलं. ‘मावशी, तू इथे राहतेस आणि रेड हाउस बघितलं नाहीस?’ म्हणून वर चार शब्दही ऐकवले.

तर हे घर विल्यम मॉरिसचं. भिंतीच्या कागदांवरच्या आणि पडद्यांच्या कापडावरच्या वेलबुट्ट्यांमुळे त्याचं नाव आजही घराघरात आहे. १८५९ साली तो २५ वर्षांचा होता, नुकतंच लग्न झालेलं. वडिलांनी डेव्हनमधल्या तांब्याच्या खाणीचे शेअर घेऊन ठेवले होते, त्यातून वर्षाला साधारण ९०० पौंड घरबसल्या यायचे. घर बांधून देणारा वास्तुविशारद फिलिप वेब २८ वर्षांचा, आणि स्वतंत्रपणे घेतलेलं त्याचं हे पहिलंच काम. दोघांची ओळख ऑक्सफर्डमध्ये जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाच्या कचेरीत झाली होती. वेब तिथे वरचा सहायक, मॉरिस उमेदवारी करायला आलेला. मॉरिसने काही महिन्यांत ते काम सोडलं, दोस्ती मात्र आयुष्यभर टिकली. १८५८ च्या उन्हाळ्यात दोघं आणि तिसरा मित्र फॉकनर फ्रान्समध्ये सेन नदीतून होडीने फिरले, आणि घराची कल्पना त्या सफरीतच पक्की झाली.

जागा मुद्दाम फळबागेतली घेतली. तेव्हा इथे अप्टन नावाची वाडी होती, आजूबाजूला केंट परगण्यातली शेतं. सफरचंदाची आणि चेरीची झाडं शक्यतो तोडायची नाहीत असं ठरवून घर त्यांच्यामधे बसवलं. शरद ऋतूत उकडलं म्हणून खिडक्या उघड्या टाकल्या की रात्री सफरचंदं खोलीत पडायची असं सांगतात. १८६० च्या उन्हाळ्यात मॉरिस मंडळी राहायला आली. खर्च आला सुमारे ४,००० पौंड.

बाहेरून पहिल्यांदा दिसते ती वीट. त्या काळी बऱ्यापैकी पैसेवाला माणूस उपनगरात बंगला बांधायचा तेव्हा विटांवर गिलावा करून, पांढरा रंग देऊन दगडाचा आव आणायचा. इथे गिलावाच नाही. लाल वीट उघडी, वर लाल कौलांचं चांगलंच उतरतं छप्पर. नावही तेवढंच साधं. आखणी इंग्रजी एल अक्षरासारखी, आणि त्या काटकोनाच्या कुशीत विहीर. विहिरीवर कौलांची टोपी, अगदी शंकूच्या आकाराची. सगळ्या फोटोंत येते ती हीच. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा वातदर्शक, त्यात मॉरिसची आद्याक्षरं आणि १८५९ हा आकडा.

खिडक्या बघून मला आधी वाटलं, हे नवशिक्याचं काम दिसतंय. एक उभी, एक गोल, एक टोकदार कमानीखाली, एक भिंतीतून बाहेर झुकलेली. एकीचा दुसरीशी मेळ नाही. भाचीने समजावलं की हीच तर गंमत आहे. आतल्या खोलीला जसा उजेड हवा, तशी आणि तिथेच खिडकी. बाहेरून चेहरा सारखा दिसावा म्हणून खोट्या खिडक्या किंवा ओढूनताणून केलेली जुळणी नाही.

आत गेलं की ओकचा जिना. जिन्याचे खांब वर निमुळते होत जातात, छोट्या बुरुजांसारखे. मान वर केली की छताच्या उतरणीवर रंगवलेली नक्षी. तिथे मी बराच वेळ थांबले. जवळून पाहिलं तर रंगाच्या खाली बारीक टोचे दिसतात. गिलावा ओला असतानाच टोचून नक्षीची खूण करून ठेवलेली आहे. आपण रांगोळीसाठी ठिपक्यांचा कागद वापरतो ना, तसंच. म्हणजे नंतर मित्रमंडळींपैकी कुणीही ब्रश घेऊन यावं आणि ठिपक्यांवरून रंगवत जावं.

बैठकीची खोली वरच्या मजल्यावर. तिथे एक अवाढव्य बाक-कपाट आहे. मॉरिसने ते लंडनच्या बिऱ्हाडातून उचलून आणलं आणि वेबने त्याला शिडी जोडून वर छोटा सज्जा करून दिला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी तिथे बसावं ही कल्पना. प्रत्यक्षात फॉकनरने सज्जा लढवला आणि वरून सफरचंदांचा मारा केला म्हणतात. बाजूच्या भिंतीवर मॉरिसचा चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्सने काढलेली लग्नाच्या मेजवानीची चित्रं आहेत, त्यातले राजा-राणी म्हणजे मॉरिस आणि त्याची बायको जेन.

मॉरिसचं ब्रीदवाक्य फ्रेंच होतं, ‘मला जमलं तर’. ते भिंतीवर, काचेवर, ठिकठिकाणी लिहायचं ठरलं होतं. एका ठिकाणी त्याने चौकटी रिकाम्या सोडल्या होत्या, त्यात रोझेटी या चित्रकार मित्राने गुपचूप ‘मला जमत नाही’ असं लिहून ठेवलं. मॉरिस भयंकर तापट. त्यावेळी तो काय बोलला असेल याची कल्पनाच करावी.

आणि हे सगळं करून तो राहिला किती? पाच वर्षं. १८६५ मध्ये बिऱ्हाड लंडनला हलवलं, मग घर विकलं, आणि पुन्हा तिथे पाऊल ठेवलं नाही म्हणतात.

कारणांकडे येतेच, पण आधी तुम्ही बोला.

---

वाईचा_घाट

मस्त लिहिलंयत. तो विहिरीचा कोपरा वाचून आमचा वाडाच आठवला. मागच्या चौकात आड, बाजूला दगडी पन्हाळ. पण एक शंका. घराचं तोंड उत्तरेकडे असं तुम्ही शीर्षकात म्हणता आणि लेखात त्याबद्दल अक्षर नाही.

---

थेम्सकाठी

ते राखून ठेवलं होतं, पण विचारलंतच तर सांगते.

घर एक खोली रुंद आहे. एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला लांबच लांब बोळ. मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेकडे आणि बोळ विहिरीच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेकडे. आता इंग्लंडमध्ये दक्षिण म्हणजे ऊन. इथे घर विकताना जाहिरातीत ‘दक्षिणाभिमुख बाग’ हे शब्द आधी छापतात. म्हणजे वेबने काय केलं? सगळं ऊन बोळाला दिलं आणि माणसांना उत्तरेकडे बसवलं. हिवाळ्यात जेवणाच्या खोलीत गारठाच गारठा.

वेबला ही चूक पुढे कळली. चाळिशी उलटल्याशिवाय वास्तुविशारदाला घर बांधूच देऊ नये, असं तो म्हणायचा अशी आठवण सांगतात.

---

ओलारंग

मी चित्रकार, म्हणून उत्तरेची थोडी बाजू घेतो. आमच्या धंद्यात उत्तरेचा उजेड म्हणजे सोनं. दिवसभर एकसारखा असतो, सावल्या फिरत नाहीत. मॉरिस तेव्हा चित्रकार व्हायच्या खटपटीत होता ना? मग मालकाचा आग्रह असणार, बिचाऱ्या वेबला कशाला फाशी देता?

---

थेम्सकाठी

वरच्या मजल्यावर चित्रशाळा आहे खरी, त्यामुळे तुमचा मुद्दा तिथे पटतो. पण जेवायला कशाला हवा उत्तरेचा उजेड :)

---

आरेखन

वास्तुविशारद म्हणून थोडं खडूसपणे लिहितो, राग मानू नका. ‘रेड हाउसपासून आधुनिक घर सुरू झालं’ हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकायला लावतात. याचं मूळ हरमान मुथेसियसमध्ये आहे. हा जर्मन वास्तुविशारद १८९६ ते १९०३ लंडनच्या जर्मन वकिलातीत होता आणि इंग्रजी घरांचा अभ्यास करणं हेच त्याचं काम होतं. आतून-बाहेरून एकच गोष्ट म्हणून कल्पिलेलं पहिलं घर असं त्याने याचं कौतुक केलं आणि तेव्हापासून सगळे तेच म्हणत आले.

पण उघडी वीट, उतरतं छप्पर, गरजेप्रमाणे खिडक्या हे वेबने आकाशातून आणलं नव्हतं. त्याच्या आधीच विल्यम बटरफिल्ड हा वास्तुविशारद आणि खुद्द स्ट्रीट खेडोपाडी पाद्र्यांची घरं आणि शाळा याच धर्तीवर बांधत होते. चर्चला गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींचा थाट आणि शेजारच्या पाद्र्याच्या घराला त्याच शैलीतला साधा, स्वस्त, विटांचा पेहराव. वेब स्ट्रीटच्याच कचेरीत ही आरेखनं करून तयार झाला. त्याने फार तर ते पाद्र्याचं घर उचलून एका श्रीमंत पोरासाठी फळबागेत मांडलं.

आणखी एक. याच दशकात मुंबईत काय चाललं होतं? क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. पुढे १८७८ ते १८८८ मध्ये व्हीटी. दोन्हींचं मूळ गॉथिकच. पण मुंबईत घुमट, मनोरे, दगडात कोरलेली माकडं-मोर, आणि इकडे वेब खिडकीवरची कमानसुद्धा नुसत्या विटेत सोडून देतोय. एकाच घराण्यातले दोन गायक, एक तानांवर ताना घेतोय आणि दुसरा नुसता षड्ज लावून बसलाय.

---

थेम्सकाठी

राग कसला, हेच हवं होतं. ‘पहिलं’ हा शब्द मी लेखात वापरला नाही हे मात्र नोंदवून ठेवते. पाद्र्याच्या घराचा मुद्दा भाचीनेही काढला होता. तरी एक फरक वाटतो. पाद्र्याचं घर साधं असायचं कारण पैसे नसायचे. मॉरिसकडे होते. हातात पैसे असताना गिलावा नको म्हणणं वेगळं.

---

गवंडीबाबा

आरेखनसाहेब, कमानीचं बोललात म्हणून. आमचा खानदानी धंदा विटकामाचा, कराडकडचे आम्ही. फोटो झूम करून बघितले. खिडकी चौकोनी आहे आणि तिच्या वर टोकदार कमान बांधून मधली जागा विटेनं भरली आहे, बरोबर? ती शोभेची नाही हो. वरच्या भिंतीचं वजन कमान दोन्ही बाजूंना उतरवते, म्हणून खालच्या चौकटीवर भार येत नाही. आज आपण लिंटल टाकतो आणि मोकळे होतो. तेव्हा कमान नीट नसली तर चौकट दबून खिडकी उघडायची बंद.

आणि उघडी वीट म्हणजे स्वस्त काम असं समजू नका कुणी. गिलावा असला की खाली वाकडीतिकडी वीट खपून जाते. उघड्या कामात प्रत्येक थर ओळंब्यात पायजे, विटांमधल्या फटी एकसारख्या भरायला पायजेत. गिलावा म्हणजे पावडर, लावली की झालं. उघडी वीट म्हणजे धुतलेलं तोंड.

---

वाईचा_घाट

‘धुतलेलं तोंड’! गवंडीबाबा, लाख बोललात.

---

हिशेबनीस

४,००० पौंड म्हणजे आजचे किती?

---

थेम्सकाठी

असे आकडे आजच्या भावात करून काही कळत नाही असं माझं मत. त्याच्याच कमाईशी ताडून बघा. वर्षाला ९०० पौंड येत असतील तर साडेचार वर्षांच्या आत-बाहेरची मिळकत. मुंबईत-पुण्यात आज कुणाला साडेचार वर्षांच्या पगारात फळबागेसकट बंगला मिळत असेल तर मला पत्ता कळवा.

---

तिरपा_डोळा

हाच मॉरिस ना पुढे कामगारांचा कैवारी, समाजवादी वगैरे? खाणीच्या शेअरवर बंगला आणि घरात नोकरचाकर. छान आहे.

---

थेम्सकाठी

समाजवादी संघटनेत तो १८८३ मध्ये गेला, म्हणजे हे घर सोडून १८ वर्षांनी. त्यामुळे २५ वर्षांच्या मॉरिसला त्या तराजूत घालणं थोडं अन्यायाचं आहे. पण टोमणा चुकीचा नाही, स्वतः मॉरिसला ती विसंगती पुढे फार बोचायची. घरात दिसणारी एक गोष्ट सांगते. लंडनच्या तेव्हाच्या मोठ्या घरांत स्वयंपाकघर तळघरात असायचं, नोकरांच्या नशिबी रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघणं. वेबने इथे ते तळमजल्यावर ठेवलं. क्रांती नाही, पण खिडकीतून आकाश तरी दिसतं.

---

टाका_धागा

मॉरिस मॉरिस चाललंय, जेनबद्दल कुणीच काही बोललं नाही. मी भरतकाम शिकवते, म्हणून विचारते. त्या घरात भरतकामाचे पडदे होते असं ऐकलंय.

---

थेम्सकाठी

ताई, बरं झालं विचारलंत. जेन बर्डन ही ऑक्सफर्डमधल्या तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी. लग्नाच्या वेळी १९ वर्षांची. बैठकीतल्या चित्रात ती राणी असली तरी मुळात घर अतिशय गरिबीचं.

पडद्यांची गोष्ट तिनेच नंतर सांगितली आहे. लंडनच्या एका दुकानात तिला निळ्या सर्जचं कापड सापडलं, ते ती घरी घेऊन आली. मॉरिस इतका खूश झाला की लगेच बसून त्याने त्यावर फुलं आखायला घेतली. डेझीच्या फुलांचे झुबके. आणि दोघं मिळून टाके शिकले कसे, तर जुनं भरतकाम मिळवून ते हळूहळू उसवून बघत गेले. त्या निळ्या पडद्यावरची डेझीच पुढे भिंतीच्या कागदावर उतरली.

---

टाका_धागा

उसवून शिकणं! माझी आजी हेच करायची. जुन्या कुंचीचा एक कोपरा उसवायची, दोरा कुठून कुठे गेला ते बघायची आणि परत भरून टाकायची. फक्त आजीच्या नावाचा वॉलपेपर निघाला नाही.

---

दिवेघाट

उशिरा आलो. नकाशा बघत होतो. हे घर कँटरबरीला जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या रस्त्याजवळ आहे, बरोबर? म्हणजे आपल्याकडे पालखीमार्गावर बंगला बांधल्यासारखं.

---

थेम्सकाठी

अगदी. आणि मॉरिसला ते पुरतं ठाऊक होतं, मध्ययुग म्हणजे त्याचा जीव की प्राण. बागेच्या बाजूला एक बसका ओटा आहे, वर कमान, फरशांवर त्याचं ब्रीदवाक्य. त्याचं नाव त्याने ठेवलं ‘यात्रेकरूंचा विसावा’. तुमच्या पालखीचा विसावा असतो, तस्साच शब्द.

खऱ्या यात्रेकरूंची मात्र तारांबळ. बेक्सलीहीथला रेल्वे आली १८९५ मध्ये. मॉरिसच्या वेळी पाहुण्यांनी अ‍ॅबी वुड स्टेशनवर उतरायचं आणि तिथून ३ मैल घोडागाडीने. ती गाडीही वेबनेच आखून दिलेली, चामड्याचे पडदे लावलेली. आजूबाजूचे लोक म्हणायचे, सर्कस आली वाटतं.

आणि मोडलं ते इथेच. घर सजवता सजवता मित्रांनी १८६१ मध्ये कंपनी काढली. काचा, फर्निचर, भरतकाम, पुढे भिंतीचे कागद. बागेतल्या गुलाबाच्या ताटीवरून सुचलेली जाळीची नक्षी १८६२ ची, त्यातले पक्षी वेबने काढले. पण कंपनी लंडनला, घर इथे. आधी ठरलं की बर्न-जोन्स कुटुंबाने इथेच राहायला यायचं. वेबने वाढीव भागाचे नकाशेही काढले, म्हणजे एलचा चौक झाला असता. १८६४ मध्ये एडवर्डच्या बायकोला, जॉर्जियानाला, स्कार्लेट फीवर झाला, तिचं बाळ गेलं. तो बेत तिथेच संपला. मॉरिस स्वतः संधिवाताच्या तापाने आडवा होता. त्या अंथरुणात बेत मोडल्याचं पत्र वाचून तो रडला. खाणीचं उत्पन्नही उतरत चाललं होतं.

---

वाईचा_घाट

चौक राहून गेला तो राहूनच गेला म्हणायचा. चौथी बाजू नाही म्हणून वाडा नाही.

---

गवंडीबाबा

पुढं घराचं काय झालं? पाडापाडी?

---

थेम्सकाठी

वाचलं. फळबागा गेल्या, शेतं गेली, चारी बाजूंनी उपनगर आलं. १९५२ मध्ये टेड हॉलंबी नावाचा वास्तुविशारद कुटुंबासह इथे राहायला आला आणि जवळपास पन्नास वर्षं त्या कुटुंबाने घर सांभाळलं. २००३ पासून ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

आणि घराने आपलं सगळं अजून दाखवलेलं नाही. शयनगृहात एक मोठं भिंतीतलं कपाट होतं. त्याच्या मागे पुसट आकृत्या असल्याचं माहीत होतं. २०१३ मध्ये वरचे थर काढल्यावर आदम-ईव्ह, हातात छोटं तारू घेतलेला नोहा, राहेल, याकोब अशी सबंध रांग निघाली. भिंतीवर पडदा टांगलाय असं वाटावं म्हणून कापडाच्या चुण्यासुद्धा रंगवलेल्या. कुठली आकृती कुणाची हे हातावरून ओळखायचं. रोझेटी, त्याची बायको एलिझाबेथ सिडल, बर्न-जोन्स, मॉरिस अशी नावं घेतली जातात.

---

गवंडीबाबा

थर खरवडले नाहीत हे नशीब. आमच्या भागातल्या एका जुन्या देवळात मागं दुरुस्ती झाली. चुन्याचा गिलावा छिन्नीनं उडवला आणि सिमेंट मारलं. त्याच्याखाली चित्रं होती. मी लहान असताना बघितलेली, हत्ती होता एक. आता वर ऑइलपेंट.

---

आरेखन

बाबा, तुमच्या हत्तीसाठीच मॉरिस आणि वेबने पुढे संस्था काढली. १८७७ मध्ये, जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी. तेव्हा इंग्लंडभर चर्चं ‘नवी करण्याच्या’ नावाखाली खरवडली जात होती. म्हणून मंडळींनी संस्थेला टोपणनाव दिलं ‘खरवडविरोधी’. जुन्याला जुनंच राहू द्या, मोडेल तेवढंच ठिगळ लावा आणि ठिगळ लपवू नका, हा त्यांचा आग्रह. मी वर कितीही खडूस लिहिलं असलं तरी या बाबतीत मॉरिस-वेबला माझा दंडवत.

---

सांज_सकाळ

ताई, डिसेंबरात लंडनला येतेय. हिवाळ्यात बघण्यासारखं आहे का, की थांबू?

---

थेम्सकाठी

उघडं असण्याचे दिवस आणि वेळा आधी बघून घ्या, ऋतूप्रमाणे बदलतात. बाग हवी असेल तर सप्टेंबरात या, सफरचंदं असतात.

मी मात्र गेल्या आठवड्यात पुन्हा एकटीच जाऊन आले. बाहेर लख्ख ऊन आणि हाडं गोठवणारी थंडी. जेवणाच्या खोलीत कोट काढवेना. माहिती सांगायला बसणाऱ्या आजी तिथे नव्हत्या. शोधत गेले तर बोळात सापडल्या. गोल खिडकीतून उन्हाचं एक वर्तुळ फरशीवर पडलं होतं आणि खुर्ची बरोबर त्यात ओढून घेतली होती. मला बघून म्हणाल्या, अकराला ही खिडकी, बाराला पुढची.